गेमिंग आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी हाय-एंड मदरबोर्ड कसा पारखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महागडा मदरबोर्ड घेतला की गेममध्ये फ्रेम वाढतात का?

नाही. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि सेटिंग्ज तशाच ठेवल्या, तर मध्यम किमतीच्या आणि सर्वांत महाग बोर्डावर गेम जवळपास सारखेच चालतात. चाचण्यांमध्ये जो थोडा फरक दिसतो, तो बहुतेक वेळा बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरच्या, मूळ सेटिंग्जमुळे येतो. एका बोर्डाने प्रोसेसरची वीजमर्यादा पाळलेली असते, दुसऱ्याने ती गुपचूप उठवलेली असते. ४के रिझोल्यूशनवर तर बहुतेक सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असतो, तिथे बोर्ड बदलून हाती काहीच लागत नाही. बजेट मर्यादित असेल तर तो पैसा आधी ग्राफिक्स कार्डात घाला, नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

मग जास्तीचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे?

नियंत्रणासाठी, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंगसाठी: प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्या वेगापेक्षा वर चालवण्यासाठी. रॅमचा वेग किती वर नेता येतो, व्होल्टेज किती बारकाईने ठरवता येतं, सेटिंग चुकल्यावर मशीन किती लवकर पुन्हा उभं राहतं आणि बिघाड कुठे आहे हे बोर्ड स्वतः सांगतो का, या चार गोष्टींवर मी बोर्ड पारखतो. ज्याला यात रस नाही त्याला हाय-एंड बोर्डाची गरज नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. ज्याला रस आहे त्याला मात्र चांगला आणि सुमार बोर्ड यांतला फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

बोर्ड बघताना सुरुवात कुठून करू?

मॅन्युअलपासून, आणि मॅन्युअलमध्येही ब्लॉक डायग्रामपासून. कंपन्या वेबसाइटवर मॅन्युअल मोफत ठेवतात, त्यामुळे खरेदीआधी ते वाचायला काही अडचण नसते. कोणता स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलाय, कोणता चिपसेटमार्फत (बोर्डावरचे जादा पोर्ट सांभाळणारी चिप) आणि कोणते दोन स्लॉट एकाच लेन (डेटाच्या वाटा) वाटून घेतात, हे त्या एका आकृतीत कळतं. खोक्यावर लिहिलेलं 'पाच एम.२ स्लॉट' (एसएसडी बसवण्याच्या जागा) वाचून काहीच कळत नाही.

एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या रायझन ७००० आणि ९००० प्रोसेसरकडे पीसीआय एक्स्प्रेस ५.० च्या (कार्ड आणि एसएसडी जोडण्याचा मार्ग, ५.० ही त्याची पिढी) २८ लेन असतात. त्यातल्या ४ चिपसेटला जोडण्यात जातात, आणि तिथे त्या ४.० च्या वेगानेच चालतात. उरलेल्या २४ पैकी १६ ग्राफिक्स कार्डासाठी, ४ पहिल्या एम.२ साठी आणि ४ बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर. एक्स८७० आणि एक्स८७०ई चिपसेटच्या बोर्डांवर यूएसबी४ सक्तीचं आहे, म्हणून अनेक बोर्डांवर या शेवटच्या ४ लेन यूएसबी४ चा कंट्रोलर आणि दुसरा एम.२ स्लॉट यांच्यात वाटल्या जातात. म्हणजे दुसरा एसएसडी लावला की यूएसबी४ चा वेग निम्म्यावर येतो किंवा तो पोर्ट बंदच पडतो. काही बोर्डांवर हे बायोसमधून निवडता येतं, काहींवर नाही.

इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर अडचण वेगळी आहे. तिथे प्रोसेसरकडे ५.० च्या फक्त १६ लेन आणि ४.० च्या ४ लेन आहेत. झेड७९० बोर्डावर ५.० चा एम.२ स्लॉट दिसला तर त्याच्या लेन ग्राफिक्स कार्डाच्याच वाट्यातून येतात. तिथे एसएसडी बसवला की कार्ड १६ वरून ८ लेनवर उतरतं. गेममध्ये याचा फटका सहसा किरकोळ असतो, पण आपण काय गमावतोय हे आधी माहीत असलेलं बरं. पुढच्या एलजीए१८५१ सॉकेटवर एसएसडीसाठी ५.० च्या ४ लेन वेगळ्या दिल्या आहेत, त्यामुळे ही ओढाताण तिथे राहिली नाही.

हे मी ठेच लागून शिकलोय. एका नामांकित कंपनीच्या बोर्डावर चौथा एसएसडी बसवला आणि दोन साटा ड्राइव्ह अचानक दिसेनाशा झाल्या. केबल बदलल्या, ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून पाहिल्या, अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात सापडलं, की तो स्लॉट वापरला की ते दोन पोर्ट बंद होतात.

चिपसेट कोणता घ्यायचा?

इंटेलच्या बाजूला निवड सोपी आहे. प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवायचा असेल तर झेड मालिकेचा चिपसेट आणि 'के' अक्षराचा प्रोसेसर, दोन्ही लागतात. बी७६० किंवा बी८६० वर रॅम वाढवता येते, प्रोसेसर नाही.

एएमडीकडे मोकळीक जास्त आहे. बी६५० आणि बी८५० वरसुद्धा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो. एक्स६७०ई आणि एक्स८७०ई मध्ये एकाऐवजी दोन चिपसेट चिप एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे पोर्ट आणि स्लॉट वाढतात. पण दोन्ही चिपचा प्रोसेसरशी संवाद पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या त्याच ४ लेनमधून होतो. दोन्हीमागे जोडलेले वेगवान एसएसडी एकाच वेळी कामाला लावले, तर सगळ्यांना त्याच अरुंद वाटेतून जावं लागतं. गेमचा एसएसडी थेट प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

'१८+२+२ फेज' म्हणजे काय? आकडा मोठा तितका बोर्ड चांगला का?

पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालणाऱ्या साधारण सव्वा व्होल्टपर्यंत खाली आणणारी यंत्रणा म्हणजे व्हीआरएम. तिचं काम फेजमध्ये, म्हणजे आळीपाळीने भार उचलणाऱ्या सारख्या भागांमध्ये, वाटलेलं असतं. पहिला आकडा बहुतेक वेळा प्रोसेसरच्या कोअरसाठीच्या फेजचा असतो, पुढचे आकडे प्रोसेसरमधल्या इतर भागांचे.

जरा हिशोब मांडू. प्रोसेसर १.२५ व्होल्टवर २०० वॅट घेत असेल, तर त्याला १६० अँपिअर करंट लागतो. आता १६ पॉवर स्टेज (फेजमधल्या करंट पुरवणाऱ्या चिप), प्रत्येकी ९० अँपिअरचे, असा बोर्ड घ्या. कागदावरची क्षमता झाली १४४० अँपिअर, म्हणजे गरजेच्या नऊपट. ९० ऐवजी ११० अँपिअरचे स्टेज लावले म्हणून प्रोसेसर एक मेगाहर्ट्झही जास्त पळणार नाही.

मग जास्त फेजचा उपयोग काय? उष्णता वाटली जाते. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर २०० वॅट पोहोचवताना साधारण २२ वॅट उष्णतेत जातात. आठ फेज असतील तर प्रत्येकीवर पावणेतीन वॅट, सोळा असतील तर दीडपेक्षाही कमी. शिवाय प्रत्येक स्टेज आपल्या आरामाच्या टप्प्यात काम करतो, तिथे कार्यक्षमताही चांगली राहते. सुट्या मॉसफेटवर (साध्या स्विचिंग ट्रान्झिस्टरवर) चालणारा स्वस्त बोर्ड आणि चांगले पॉवर स्टेज असलेला मध्यम बोर्ड यांच्यातला फरक खरा आहे आणि मोठा आहे. १६ आणि २४ फेजमधला फरक साध्या हवेच्या किंवा पाण्याच्या कूलिंगवर तुम्हाला जाणवणार नाही.

आणखी एक खोच. कंट्रोलर चिपला मोजक्याच फेज स्वतंत्रपणे चालवता येतात. १६ फेजचा बोर्ड प्रत्यक्षात ८ सिग्नलवर चालत असू शकतो, प्रत्येक सिग्नलवर दोन स्टेज जोडून. ही फसवणूक नव्हे. दोन स्टेज समांतर जोडण्याची पद्धत उलट एक सिग्नल दोघांत वाटणाऱ्या जुन्या डबलर चिपपेक्षा लवकर प्रतिसाद देते. पण '१६ खऱ्या फेज' असा दावा वाचलात तर कंट्रोलरचं मॉडेल शोधून खात्री करा.

हीटसिंक बघून काही कळतं का?

थोडंफार कळतं. वजन, पंख्यांसारख्या पातळ पात्या आणि दोन तुकड्यांना जोडणारी हीट पाइप, या तीन गोष्टी चांगल्या. सपाट पत्र्यावर प्लॅस्टिकचं चकचकीत आवरण आणि त्यात दिवे असतील तर ते आवरण उष्णता कोंडून ठेवतं. पाण्याचं कूलिंग वापरणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं, कारण प्रोसेसरवरचा पंखा गेला की व्हीआरएमवरून वाहणारा वाराही जातो.

लोड लाइन कॅलिब्रेशन म्हणजे काय, आणि ते सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवावं का?

ठेवू नये. प्रोसेसरवर भार वाढला की त्याला मिळणारं व्होल्टेज थोडं खाली येतं, आणि ही घसरण जाणूनबुजून ठेवलेली असते. लोड लाइन १.१ मिलिओहम असेल आणि करंट १८० अँपिअर, तर घसरण जवळपास ०.२ व्होल्ट होते. लोड लाइन कॅलिब्रेशनने ही घसरण कमी करता येते.

मोह असा होतो की घसरण शून्यावर आणू, म्हणजे व्होल्टेज एका रेषेत राहील. पण भार अचानक उतरतो त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि घसरण जितकी सपाट केलेली तितकी ती उसळी ठरवलेल्या आकड्याच्या वर जाते. ती इतकी क्षणिक असते की सॉफ्टवेअर दाखवतच नाही, ऑसिलोस्कोप लावला तरच दिसते. गेममध्ये भार सेकंदाला कितीतरी वेळा चढतो-उतरतो, त्यामुळे तुमचा प्रोसेसर हा मार सतत खात राहतो. मधली पातळी घ्या आणि मूळ व्होल्टेज गरजेपुरतं थोडं वाढवा.

चांगल्या बोर्डाची ओळख इथे होते. त्याच्या पातळ्यांमधलं अंतर समान आणि अपेक्षेप्रमाणे असतं, आणि प्रोसेसरच्या अगदी जवळून मोजलेलं व्होल्टेज तो दाखवतो. सॉकेटच्या मागून मोजणाऱ्या बोर्डावर जड भाराखाली दिसणारा आकडा आणि खरा आकडा यांत लक्षणीय तफावत पडू शकते.

रॅमचे दोन स्लॉट असलेला बोर्ड चारवाल्यापेक्षा महाग कसा?

कारण तो रॅम वर नेण्यासाठीच बनवलेला असतो. माझ्या मते हाय-एंड बोर्डाची खरी कसोटी इथेच लागते.

आजच्या डीडीआर५ रॅमचा सिग्नल इतका वेगवान आहे की रिकामा स्लॉटसुद्धा त्यात अडथळा आणतो. सिग्नल त्या रिकाम्या फाट्यावर जाऊन परत आदळतो आणि मूळ सिग्नल गढूळ करतो. दोनच स्लॉट ठेवले की वाट लहान होते आणि फाटाच उरत नाही. आसुसची एपेक्स, गिगाबाइटची टॅकियॉन, एमएसआयची युनिफाय-एक्स या मालिका याच विचारातून दोन स्लॉटच्या आहेत. शिवाय अशा बोर्डांचं सर्किट जास्त थरांवर छापलेलं असतं, म्हणजे रॅमच्या तारांना स्वच्छ ग्राउंडचे थर मिळतात. हे फोटोत दिसत नाही, पण किमतीतला बराच भाग तिथे जातो.

चार स्लॉटचा बोर्ड असेल तर रॅमच्या दोनच पट्ट्या घ्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. चारही भरले की वेग कोसळतो. रायझन ७००० साठी एएमडीने अधिकृतपणे दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंद वेग दिला आहे. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या, १६ च्या चार नकोत.

म्हणजे रॅमचा आकडा जितका मोठा तितकं चांगलं?

इथे प्रोसेसर कोणता, यावर सगळं आहे. लेटन्सी, म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणारा वेळ, नॅनोसेकंदात काढायची असेल तर सीएल (रॅमच्या पाकिटावरचा विलंबाचा आकडा) गुणिले २००० भागिले वेग. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ८००० सीएल४० म्हणजेही १० च. वाढते ती बँडविड्थ.

एएम५ वर मेमरी कंट्रोलर आणि रॅम एकाच गतीने चालतात तो टप्पा बहुतेक प्रोसेसरना ६००० च्या आसपास आरामात जमतो, काहींना ६४०० पर्यंत. त्यापुढे कंट्रोलर अर्ध्या गतीवर टाकावा लागतो आणि तो तोटा भरून काढायला रॅम ८००० च्या घरात न्यावी लागते. इतकं करून गेममध्ये मिळणारा फायदा थोडाच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? प्रोसेसरच्या कंट्रोलरमध्ये जे नाही ते बोर्ड आणून देऊ शकत नाही. म्हणून गेमसाठी रायझन घेणाऱ्याला मी ६००० सीएल३० सांगतो आणि उरलेला वेळ उपटायमिंग (रॅमचे बाकीचे विलंब) घट्ट करण्यात घालवायला सांगतो. इंटेलवर मात्र वरच्या वेगांचा खेळ खुला आहे, विशेषतः रॅमच्या पट्टीवरच क्लॉक ड्रायव्हर असलेल्या सीयूडीआयएमएममुळे. तिथे बोर्डाची गुणवत्ता थेट आकड्यात दिसते.

एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅममध्ये साठवलेलं वेगाचं तयार प्रोफाइल, चालू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. पाकिटावरचा वेग हे रॅमचं आश्वासन आहे, तुमच्या प्रोसेसरचं नाही. बोर्डाच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत तुमचा नेमका मॉडेल क्रमांक आहे का, एवढं तरी बघून घ्या.

बायोस चांगला की वाईट हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

त्या मॉडेलच्या डाउनलोड पानावर जा आणि बायोसच्या आवृत्त्यांच्या तारखा वाचा. नियमित येणाऱ्या सुधारणा आणि स्पष्ट लिहिलेली टिपणं असतील तर मागे लक्ष देणारी माणसं आहेत. त्याच कंपनीच्या मागच्या पिढीच्या बोर्डाला आजही बायोस मिळतो का तेही बघा, त्यावरून तुमच्या बोर्डाचं दोन वर्षांनी काय होईल याचा अंदाज येतो.

मूळ सेटिंग्ज किती जबाबदार आहेत, हा मुद्दा मी आता सर्वांत वर ठेवतो. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी (जास्तीची कॅश असलेले, गेमसाठीचे) प्रोसेसर बोर्डावर जळाले. त्यानंतर आलेल्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरची अस्थिरता समोर आली. मूळ दोष प्रोसेसर आणि त्याच्या मायक्रोकोडकडे (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरकडे) होता, त्याच्या दुरुस्त्या ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून आल्या. पण अनेक बोर्डांच्या सैल वीजमर्यादांनी परिस्थिती बिघडवण्यात हातभार लावला होता. २५३ वॅटच्या प्रोसेसरला बायोसमध्ये ४०९६ वॅटची मर्यादा, म्हणजे मर्यादाच नाही. नवा बोर्ड सुरू केल्यावर पहिलं काम हेच: ताजा बायोस टाका, मग वीजमर्यादा आणि एसओसी व्होल्टेज स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. 'ऑटो' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

एक्स३डी प्रोसेसर असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा बोर्ड घेण्यात अर्थ आहे का?

कमी. रायझन ७ ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी चा मल्टिप्लायर बंद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डी चा खुला आहे, पण त्याच्याकडून सर्वाधिक मिळतं ते कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज खाली आणून, आणि ते बी८५० वरही जमतं. ज्याला बेस क्लॉकशी, म्हणजे मल्टिप्लायर ज्याला गुणतो त्या मूळ क्लॉकशी, खेळायचं आहे त्याच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची: बोर्डावर स्वतंत्र क्लॉक जनरेटर आहे का. तो असेल तर पीसीआय एक्स्प्रेसला १०० मेगाहर्ट्झवरच ठेवून फक्त प्रोसेसरचा क्लॉक वाढवता येतो. नसेल तर सोबत सगळंच वाढतं आणि एसएसडीवरचा डेटा धोक्यात येतो.

बोर्डावरची बटणं आणि आकड्यांचा डिस्प्ले खरंच लागतो का?

माझ्या दृष्टीने चार आरजीबी पट्ट्यांपेक्षा दोन अंकी पोस्ट कोड (सुरू होताना मशीन कुठवर पोहोचलं ते दाखवणारा) मोलाचा. एएम५ वर पहिल्यांदा मशीन सुरू करताना रॅमचं ट्रेनिंग (रॅमशी जुळवून घेण्याची तपासणी) होतं आणि स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहू शकते. मी पहिला एएम५ बोर्ड जोडला तेव्हा काही मिनिटं वाट पाहून बोर्ड मेला समजून वीज बंद केली, आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्या बोर्डावर डिस्प्ले नव्हता. तो असता तर कोड बदलताना दिसला असता आणि मी शांत बसलो असतो.

सीमॉस साफ करण्याचं (बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणण्याचं) बटण मागच्या बाजूला हवं, केबिनेट न उघडता दाबता येईल असं. प्रोसेसर किंवा रॅम नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस टाकण्याची सोय हवीच. रॅमशी खेळणाऱ्यांना सेफ बूट आणि रिट्राय ही बटणं दिवसातून वीस वेळा लागतात: सेफ बूट तुमच्या सेटिंग्ज न पुसता सौम्य मूल्यांवर मशीन चालू करतं. दोन बायोस चिप म्हणजे अर्धी झोप शांत. द्रव नायट्रोजनने थंड करण्यासाठीचा मोड आणि स्विच घरच्या वापरात कामाचे नाहीत, ते विक्रम करणाऱ्यांसाठी आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये कोअर आय९-१३९००के पहिल्यांदा ९ गिगाहर्ट्झपलीकडे गेला तो द्रव हेलियमखाली, दोन रॅम स्लॉटच्या एपेक्स बोर्डावर.

ऑडिओ, वायफाय, नेटवर्क?

यांच्यासाठी वरचा बोर्ड घेऊ नका. चांगला हेडफोन असेल तर वेगळा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलणारं उपकरण) बोर्डावरच्या कुठल्याही चिपपेक्षा समाधान देतो. २.५ गिगाबिट नेटवर्क पुरेसं आहे. १० गिगाबिट तेव्हाच, जेव्हा समोर तसा स्विच आणि स्टोरेज आहे.

केबिनेटमध्ये बसेल ना?

एटीएक्स म्हणजे ३०५ बाय २४४ मिलिमीटर. 'ई-एटीएक्स' लिहिलेल्या बोर्डांची रुंदी मात्र प्रत्येकाची वेगळी, अनेकांची २७७ च्या आसपास. नावावर न जाता मिलिमीटर बघा आणि साइडला वळणाऱ्या केबलसाठी जागा सोडा.

बोर्ड हातात आल्यावर परत करण्याच्या मुदतीत काय काय तपासू?

आधी सगळं मूळ सेटिंग्जवर. प्रत्येक एम.२, प्रत्येक यूएसबी पोर्ट, रॅमचे सगळे स्लॉट एकदा वापरून बघा. ग्राफिक्स कार्ड खरंच १६ लेनवर चालतंय का ते जीपीयू-झेडमध्ये, भार देऊन, पाहा. मग एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारं) फिरवा आणि व्हीआरएमचं तापमान नोंदवा.

त्यानंतर फक्त रॅमचं प्रोफाइल चालू करा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ किंवा टेस्टमेम५ लावा. एकही चूक चालत नाही. 'एखादी चूक' असलेली रॅम दोन महिन्यांनी विंडोजच्या फाइल खराब करते आणि तेव्हा दोष कोणाचा हे शोधणं फार त्रासाचं होतं. प्रोसेसरला सगळ्यात शेवटी हात लावा, वाय-क्रंचर किंवा ओसीसीटीने तपासा, आणि विंडोजच्या नोंदींमध्ये हार्डवेअरच्या डब्ल्यूएचईए चुका येतायत का ते पाहत राहा. मशीन बंद न पडता त्या चुका साचत असतील तर ओव्हरक्लॉक स्थिर नाही. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि वहीत लिहा. बायोस अपडेट केला की सेव्ह केलेली प्रोफाइल बहुतेक वेळा वापरता येत नाहीत, तेव्हा ती वहीच कामाला येते.

वापरलेला हाय-एंड बोर्ड घ्यावा का?

घ्यावा, पण सॉकेट बघितल्याशिवाय नाही. एलजीए१७००, एलजीए१८५१ आणि एएम५, तिन्हींमध्ये पिना बोर्डावर असतात आणि एक वाकली तरी रॅमचा एक चॅनेल गायब होऊ शकतो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि चारही बाजूंनी पाहा: पिनांच्या टोकांची चमक सगळीकडे एकसारखी रेषेत दिसली पाहिजे, कुठे खंड दिसला तर तिथे पिन वाकलेली आहे. सॉकेटभोवती पांढुरका थर किंवा सीलिंगच्या पेस्टचे अवशेष दिसले तर बोर्ड नायट्रोजनखाली गेलेला आहे. त्याने तो वाईट ठरत नाही, पण विकणाऱ्याने ते सांगितलं नसेल तर सोडून द्या. दोन पट्ट्या लावून दोन्ही चॅनेल दिसतात का, हे समोर चालू करून दाखवायला सांगा.